सहलीची चिठ्ठी आणि शेवटची तारीख

[दृश्य: दप्तरातून वह्या बाहेर येतात. त्यांच्यात चार घड्या घातलेला एक कागद.]

निवेदन:

शाळेची सहल ठरली की घरी चिठ्ठी येते. कुठे जायचं, किती वाजता जमायचं, सोबत काय आणायचं. मग माणशी रक्कम, आणि तिच्याखाली पैसे भरायची शेवटची तारीख. बहुतेक आईवडिलांची नजर आधी रकमेवर जाते. आमच्या मते आधी तारीख पाहावी. महिनाअखेरीला चार दिवसांच्या मुदतीत मागितलेली रक्कम आणि तीच रक्कम वर्षाच्या सुरुवातीला सांगून तीन हप्त्यांत घेतलेली, कागदावर दोन्ही सारख्याच. पण पहिलीसाठी कुणाकडे तरी हात पसरावा लागतो, दुसरी महिन्याच्या खर्चात बसते.

म्हणून खर्च आटोक्यात आणायची पहिली युक्ती शाळेच्याच हातात आहे, आणि तिला दमडी लागत नाही: वर्षभरातल्या सहली, स्नेहसंमेलन, स्पर्धा, शिबिरं यांची अंदाजे यादी शाळा सुरू होतानाच पालकांच्या हातात द्यायची. रक्कम थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल. शाळा म्हणतात, इतक्या आधी नक्की काही सांगता येत नाही. पण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच इयत्तेची सहल निघते, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

[दृश्य: उभी बस. मुलं रांगेने चढतायत. कॅमेरा रिकाम्या सीटवर थांबतो.]

सहलीचा पैसा जातो कुठे? तिकिटात फारसा जात नाही. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांची कायमस्वरूपी दालनं डिसेंबर २००१ पासून सगळ्यांनाच मोफत आहेत. भारतात पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दार उघडंच आहे, दारापर्यंत पोचायला पैसे लागतात. मोठा आकडा असतो तो बसचा.

बसचं गणित जरा नीट पाहू, कारण इथेच सगळी मेख आहे. ४० सीटची बस ठरवली. आत किती मुलं बसली याच्याशी भाड्याला देणंघेणं नाही. ४० मुलं आली तर प्रत्येकाच्या वाट्याला भाड्याचा चाळिसावा भाग. रक्कम पाहून दहा जणांनी नाव दिलं नाही, की उरलेल्या ३० जणांचा वाटा एक तृतीयांशाने वाढला. आता सुधारित चिठ्ठी निघते. ती पाहून आणखी पाच जण मागे सरतात, आणि राहिलेल्या २५ जणांना मूळच्या १.६ पट पैसे मोजावे लागतात. म्हणजे शेजारच्या मुलाला परवडलं नाही, तर त्याची झळ ज्याला परवडतं त्यालाही बसतेच.

हेच गणित उलटं करून बघा. समजा, ४० पैकी पाच घरांना एक पैसाही देणं शक्य नाही. ती पाच मुलं घरी राहिली, तर भाडं ३५ जणांत वाटलं जाईल. ती पाच मुलं फुकट आली, तरी भाडं ३५ जणांतच वाटलं जाईल. एका पैचाही फरक नाही! फरक पडतो तो पाच जणांच्या खाण्याचा, आणि कुठे तिकीट असलंच तर त्याचा. "त्यांचा भार आमच्यावर का?" असं पालकसभेत कुणी विचारलंच, तर फळ्यावर एवढी दोन वाक्यं लिहून दाखवावीत.

बस भरणं हाच खरा उपाय असल्यामुळे दोन तुकड्या एकत्र नेणं, नाही तर जवळच्या दुसऱ्या शाळेशी जुळवून घेणं फायद्याचं पडतं. सोबत येणाऱ्या शिक्षकांचा खर्च कुणाच्या खात्यात धरलाय, हेही विचारावं. बहुतेकदा तो मुलांच्याच माणशी रकमेत मुरलेला असतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो दिसायला हवा. मुक्कामाची सहल मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे राहणं आणि दोन वेळचं जेवण माणशी वाढत जातं, आणि रिकाम्या सीटचा हिशेब अपुरा पडतो. लहान इयत्तांसाठी मुक्कामाचा हट्ट कशाला, हे आम्हाला तरी कळलेलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बसही पुरेशी लांब जाते.

चिठ्ठीत न लिहिलेला एक खर्चही असतो. अमुक रंगाचा टीशर्ट, नवी सॅक, आणि खर्चायला हातात द्यायचे पैसे. या शेवटच्या गोष्टीला शाळेने वरची मर्यादा घालावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहावं. भेटवस्तूंच्या दुकानासमोर मुलं कशी उभी राहतात, हे एकदा लांबून बघा. काहींच्या मुठीत नोटा असतात, काहींचे हात खिशात.

[दृश्य: शाळेचा व्हरांडा. एक मूल सूचनाफलक वाचतंय.]

२०१४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने शाळेचा एक दिवस मुलाला कितीला पडतो, याचा शोध घ्यायला सुरुवात केली. त्यांनी मुलांनाच बोलतं केलं. त्यातून कळलं की काही मुलं सहलीची चिठ्ठी घरी दाखवतच नाहीत. घरची चणचण त्यांना ठाऊक असते, आणि नकार द्यायची वेळ आईवर येऊ नये म्हणून ती आपणच नकार देऊन टाकतात. शाळेच्या वहीत तशा मुलापुढे 'इच्छुक नाही' अशी नोंद होते. तेव्हा 'इच्छुक नाही' लिहिलेल्या प्रत्येक नावामागे शिक्षकांनी एकदा, एकट्यात, विचारावं.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. वर्गासमोर हात वर करायला लावणं, पैसे न भरलेल्यांची नावं फळ्यावर लिहिणं, हे प्रकार बंदच व्हायला हवेत. साधी रीत अशी: पैसे बंद पाकिटात किंवा थेट खात्यात, आणि चिठ्ठीच्या तळाशी सगळ्यांसाठी तेच तीन पर्याय छापलेले. पूर्ण रक्कम देतो. हप्त्याने देतो. या वेळी जमणार नाही, मूल मात्र येईल. हवं तर चौथा: एका मुलाचा जास्तीचा वाटा देतो. कुणी काय निवडलं ते फक्त एका शिक्षकाला कळेल.

काही देशांनी हे कायद्यात आणलं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांना शाळेच्या वेळेतल्या शिक्षणासाठी, सहल धरून, शुल्क लावता येत नाही. ऐच्छिक वर्गणी मागता येते, पण ती दिली नाही म्हणून मुलाला वगळता येत नाही. यात एक गोम आहे. वर्गणी पुरेशी जमली नाही तर शाळा सहलच रद्द करू शकते. जर्मनीने २०११ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांच्या सहलींचा खर्च सरकारी मदतीत घेतला. पैसे होते, पण अर्जांच्या भेंडोळ्यात लोक दमले, आणि २०१९ मध्ये ती कटकट कमी करावी लागली. मदत देणाऱ्या कुणीही हे लक्षात घ्यावं: अर्ज जितका लांब, तितके हात मागे.

[दृश्य: खोलीच्या कोपऱ्यात वाद्याची पेटी. शेजारी आखूड झालेले खेळाचे बूट.]

आता छंदवर्ग. इथली फी ही दाराशी द्यायची रक्कम. आत गेलं की गणवेश, साहित्य, परीक्षा, स्पर्धेची प्रवेश फी, वार्षिक कार्यक्रमाचा एकदाच अंगाला लागणारा पोशाख. त्यात ने-आण, आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर बसलेल्या आईचा किंवा बाबांचा तास. तो तास कुणी हिशेबात धरत नाही.

व्हायोलिनचं उदाहरण घ्या. लहान मुलांसाठी ते लहान मापांत मिळतं: एक अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण, मग पूर्ण. माप घेताना वाद्य हनुवटीखाली धरून डावा हात सरळ लांबवतात, आणि वाद्याचं टोक तळहातात आरामात मावतं का ते बघतात. सहा-सात वर्षांच्या मुलाने सुरुवात केली, तर पूर्ण मापापर्यंत पोचेतो त्याला तीन-चार वाद्यं बदलावी लागतात. प्रत्येक वेळी जुनं वाद्य धडधाकट असतं, मूल तेवढं वाढलेलं असतं. स्केट्स, कराटेचा पोशाख, फुटबॉलचे बूट, सगळ्यांची हीच गत. मग विकत का घ्यायचं? भाड्याने आणावं, अदलाबदल करावी, वरच्या वर्गातल्या मुलाकडून घ्यावं. शाळेत एक कपाट असलं आणि खणांवर फक्त मापं लिहिली तर वस्तू फिरत राहतात. त्याच कपाटावर 'गरजूंसाठी' अशी पाटी लावली, तर त्याला कुणी हात लावणार नाही.

व्हेनेझुएलात १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेऊ या संगीतकार आणि अर्थतज्ज्ञाने मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ उभी केली. शिकवणं मोफत, वाद्यंही शिकण्यापुरती दिलेली. फिनलंडने २०२१ पासून वेगळी वाट धरली: छंदवर्ग शाळेच्या दिवसाला जोडूनच, मोफत, आणि कोणता छंद हवा ते आधी मुलांना विचारून. आम्हाला यातली शाळेच्या दिवसाला जोडून घेण्याची गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण शाळेच्याच आवारात वर्ग भरला की ने-आण संपते, बाहेर बसणंही संपतं. एवढं तर कुठलीही शाळा रिकाम्या खोल्यांत सुरू करू शकते.

आणि घरी? वर्षाची फी एकदम भरली तर दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने, अशी सूट दाखवतात. मूल दहा महिन्यांहून जास्त टिकलं तरच ती सूट. चौथ्या महिन्यात त्याचं मन उडालं, तर सहा महिन्यांची फी जास्तीची गेली. पहिल्या वर्षी महिन्याच्या फीवरच राहावं, महाग वाटली तरी. आधी दोन-तीन वर्ग बाहेरून पाहू देतात का, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे नाव घालण्याआधी विचारून घ्यावं, आणि लेखी घ्यावं.

मुलाला रक्कम सांगायला घाबरू नये. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला "या वर्षी दोन्ही जमणार नाही, पोहणं की चित्रकला ते तू ठरव" हे व्यवस्थित कळतं. 'बघू' म्हणून टांगणीला लावलेलं मूल जास्त हिरमुसतं.

[दृश्य: सूचनाफलक. टाचणीने लावलेला एक पानी हिशेब.]

राहता राहिला सहलीनंतरचा हिशेब. बस, तिकिटं, जेवण, उरलेली शिल्लक: एक पान, आठवड्याच्या आत, फलकावर. मुलांची नावं त्यात नकोत. शिल्लक परत द्यायची की पुढच्या सहलीत वळती करायची, हे चिठ्ठीतच आधी लिहिलेलं असावं. रक्कम किरकोळ असेल तर वळती करावी, असं आमचं मत. आणि ते पान फाडून टाकू नये. पुढच्या वर्षी बसवाल्याशी भाव करताना तेच हातात लागतं.