यष्टीमागून गोलंदाजीला आलेला आल्फ्रेड लिटलटन

नमस्कार. पडद्यावर दिसणारा धावफलक ऑगस्ट १८८४ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर झालेल्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीचा आहे. ऑस्ट्रेलियाने ५५१ धावांचा डोंगर रचला; त्यात कर्णधार बिली मर्डॉकच्या २११ धावा, म्हणजे कसोटीतले पहिले द्विशतक. हैराण झालेल्या इंग्लंडने अकराही खेळाडूंच्या हाती चेंडू दिला. आता गोलंदाजांची ही शेवटची ओळ पाहा: १२ षटके, ५ निर्धाव, १९ धावा, ४ बळी. तेव्हाचे षटक चार चेंडूंचे असे, हे मान्य. पण हा गोलंदाज संघाचा यष्टिरक्षक होता!

त्याचे नाव आल्फ्रेड लिटलटन. यष्टीमागची जागा इंग्लंडचे नामवंत फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्याकडे सोपवून तो पायांतले पॅड न काढताच गोलंदाजीला आला आणि लॉब टाकू लागला. लॉब म्हणजे असा चेंडू: हात खाली, कमरेजवळ, आणि तिथून वर उचललेला संथ चेंडू. ऑस्ट्रेलियाचे चार फलंदाज अशा चेंडूंवर बाद झाले, आणि त्यांपैकी मिडविंटरचा झेल खुद्द ग्रेस यांनी टिपला. सामना मात्र अनिर्णित राहिला.

त्याच्या सात वर्षे आधी, ३ मार्च १८७७ रोजी, याच ओव्हलवर लिटलटन स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल खेळला होता. इंग्लंड ३-१ असे हरले आणि इंग्लंडचा एकमेव गोल त्याचाच होता. तरीही सहकारी बिली मॉसफर्थ नाराज झाला, कारण लिटलटन पायातला चेंडू सोडतच नव्हता. त्या तक्रारीवर, आपण केवळ स्वतःच्या आनंदासाठी खेळतो, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. मला हे उत्तर उर्मट वाटते. पण ईटनची शाळा आणि केंब्रिज विद्यापीठात घडलेल्या त्या काळच्या हौशी खेळाडूंना चेंडू पायाशी घोळवत एकट्याने पुढे नेणे, हाच खरा फुटबॉल वाटे, तर स्कॉटलंडचे खेळाडू एकमेकांना पास देऊन सामने जिंकू लागले होते.

१८८० मध्ये ओव्हलवरच कसोटीत पदार्पण केल्यावर तो इंग्लंडकडून फुटबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ खेळणारा पहिला माणूस ठरला. पुढे तो वकील आणि खासदार झाला, १९०३ ते १९०५ या काळात वसाहत मंत्रीही होता; परंतु क्रिकेट सुटले नाही. १९१३ साली एका साध्या सामन्यात त्याला चेंडू लागला, पोटात गळू झाले आणि शस्त्रक्रियेनंतर ५ जुलै रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.