विंग चुनमध्ये आधी कोपर शिका

नमस्कार मंडळी! विंग चुन या चिनी मार्शल आर्टचं नाव काढलं की बहुतेकांना आठवतात ते छातीवर सटासट पडणारे ठोसे. आज मी ठोशांवर फार बोलणार नाही, कोपरावर बोलणार आहे. कुणीही सराव करत असलं तरी माझी नजर आधी त्याच्या कोपराकडे जाते. तिथे गडबड असेल, तर पुढचं सगळं डळमळतं.

थोडी पार्श्वभूमी. ही दक्षिण चीनची विद्या, ग्वांगडाँग प्रांतातल्या फोशान शहरात वाढलेली. विंग चुनचे नामवंत गुरू इप मॅन 1893 साली तिथेच जन्मले. चीनमध्ये सत्तापालट झाल्यावर ते हाँगकाँगला आले आणि 1950 च्या सुमारास हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवायला लागले. ब्रूस ली त्यांच्याकडे आला तो शाळकरी वयात. एका भिक्षुणीने ही विद्या घडवली असं सांगतात, पण ती आख्यायिका आहे.

(कॅमेऱ्यासमोर उभं राहून) आता माझ्याकडे बघा. पाय साधारण खांद्याइतके लांब, पंजे किंचित आत, गुडघेही आत. बूड मागे काढायचं नाही. नाकापासून बेंबीपर्यंत एक सरळ रेषा आहे असं समजा. ही आपली मध्यरेषा. गळा, छातीचा मधला भाग, पोट, सगळं नाजूक याच रेषेवर येतं. म्हणून हात इथे ठेवायचे आणि मारायचं तेही इथूनच, उभ्या मुठीने.

हाताच्या तीन मूळ स्थिती आहेत. पहिली तान साव. (हात पुढे करून) तळवा आकाशाकडे, कोपर बरगडीपासून मूठभर अंतरावर, पण आत. आता मुद्दाम कोपर बाहेर नेतो. दिसलं? हाताखाली केवढी जागा उघडी पडली! दुसरी फुक साव: मनगट वाकवून समोरच्याच्या हातावर वरून ठेवायचं. दिसायला सोपी, पण कोपर आत ठेवायला तिन्हींत हीच सगळ्यात अवघड. आणि तिसरी बाँग साव. इथे मात्र कोपर वर जातं, मनगट खाली उतरतं आणि मध्यरेषेवर येतं. समोरच्याचा जोर या उतारावरून निसटून जातो. बाँग साव धरून बसू नका. काम झालं की लगेच कोपर खाली आणि पुन्हा तान साव.

हे अंगात मुरतं ते सिउ निम ताव या पहिल्या फॉर्ममधून, म्हणजे एकट्याने करायच्या हालचालींच्या ठरलेल्या क्रमातून. त्याच्या पहिल्या भागात एकदा तान साव आणि तीनदा फुक साव मध्यरेषेवरून पुढे सरकवायची असते, तीही अतिशय सावकाश. नवी मुलं इथेच कंटाळतात. मला मात्र हा भाग अख्ख्या विद्येतला सगळ्यात मोलाचा वाटतो. वेगाने हात टाकला की खांदा उचलला जातो, आणि खांदा उचलला की कोपर बाहेर पळतं. सावकाश केलं की हे जाणवतं आणि सुधारता येतं.

आता जोडीचा सराव, ची साव, म्हणजे एकमेकांचे हात चिकटते ठेवून करायचा सराव. त्यातली आज दान ची साव, म्हणजे एका हाताची. (जोडीदार समोर येतो) माझी तान साव आत, त्याची फुक साव माझ्या हातावर. मी तळवा वळवून त्याच्या छातीकडे मारतो. तो मागे सरकत नाही, नुसतं कोपर खाली बसवतो, आणि माझा हात दाबला जातो. लगेच तो तिथूनच ठोसा मारतो. मी कोपर उचलून बाँग साव करतो, ठोसा निसटतो. मग मी परत तान साव, तो परत फुक साव. झाली एक फेरी. पूर्ण फेरीत आमची मनगटं एकमेकांपासून सुटली नाहीत, हे लक्षात घ्या.

आपल्या कुस्तीत पैलवान खडाखडी करतात, तेव्हा हाताला हात भिडला की समोरच्याचा जोर कुठे आहे ते कळतं. ची सावमध्ये तीच समज बारीक करत न्यायची आहे. थोडं जमलं की डोळे मिटून करा. जोर दिशा बदलतो ते कातडीला आधी कळतं.

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेटारेटी. पुढे दाब हवा, पण हलका आणि सतत. विंग चुनच्या परंपरेत एक वचन आहे: येईल त्याला सामावून घ्या, जाईल त्याला पोचवा, आणि हात सुटला की सरळ आत शिरा. तुम्ही रेटत असाल, तर समोरच्याने हात काढताच तुमचा तोल जाईल. दाब हलका असेल, तर तुमचा हात आपोआप त्याच्या छातीवर पोचेल.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. ची साव म्हणजे लढत नव्हे. इप मॅन यांचे शिष्य वाँग शुन ल्युंग हाँगकाँगमध्ये दुसऱ्या शैलींच्या लोकांशी खरोखर लढून नावाजले. लढतीत हात आधीपासून भिडलेले नसतात. अंतर कापून जवळ जावं लागतं, आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. जो वर्ग फक्त ची साव करून घेतो आणि तुम्ही लढायला तयार झालात असं सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

एकट्याने सराव करायच्या लाकडी पुतळ्याबद्दल बरेच जण विचारतात. तीन हात, एक पाय, आणि इप मॅन यांच्या परंपरेत त्यावर 116 हालचालींचा संच. कोन आणि पावलं तपासायला तो उत्तम आहे, पण लाकूड उलटा दाब देत नाही. त्यामुळे आधी जोडीदार शोधा, पुतळ्याचा खर्च नंतर.

पुढच्या व्हिडिओत दोन्ही हातांची ची साव घेऊ. तोवर दान ची साव रोज करा, दोन्ही बाजूंनी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा डावा हात मागे पडतो, त्याला थोडा जास्त वेळ द्या.