शुक्रवारचं पेन

नमस्कार मंडळी. ऑपरेशनच्या टेबलाशी, तुमच्या उशाला उभा राहून "आता डोळे मिटा काकू" म्हणणारा जो माणूस असतो, तो मी. भूलतज्ज्ञ.

गड्ड्याची यात्रा चालू होती. पित्ताशयातल्या खड्यांसाठी एक काकू आल्या. रात्री आठनंतर पोटात काही नाही, औषध म्हणाल तर बीपीची एक गोळी. सगळं ठाकठीक. मी सलाईन बघतोय, तेवढ्यात काकूंनी ढेकर दिला. मंडळी, शेंगाचटणीचा वास! चौदा तासांनी!

"रात्री काय खाल्लंत?"

"कुठं काय, मूठभर हुरडा नि चटणी."

आता चटणी म्हणजे उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरमधून काढतात ते नुसतं कूट, त्याला चटणी म्हणू नये. असो.

पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. जठर गच्च! बाहेर सुनेला विचारलं, तर ती आत येऊन म्हणते, "आत्या, शुक्रवारचं पेन सांगितलं का?"

"अगं, ते औषध आहे होय? ते वजनाचं!"

फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे सेमाग्लुटाइडचं पेन, म्हणजे वजन कमी करायचं पेनासारखं इंजेक्शन. आठवड्याला एकदा टोचायचं. ऑपरेशन पुढं ढकललं. पुण्याहून रजा काढून आलेला मुलगा माझ्यावर जाम भडकला.

ही इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड काय नि टिर्झेपाटाइड काय, जठर सावकाश रिकामं करतात. भुलीत घशाचा पहारा उठतो. पोटातलं वर आलं की फुफ्फुसात जातं. म्हणून पेन हे औषधच. पुन्हा सांगतो, पेन हे औषधच.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं 2023 साली साप्ताहिक इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवा म्हटलं. 2024 साली सल्ला बदलला: बहुतेकांना चालू ठेवता येतं, पण धोका असेल त्यांनी आदल्या 24 तासांत फक्त पातळ पदार्थ घ्यावेत. तुमचं काय, ते डॉक्टर ठरवतील. मनानं बंद करू नका.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत, एकच मिनिट. नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या शुगरच्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस थांबवायच्या असतात, तेही विचारूनच. नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं.

काकूंचं ऑपरेशन पंधरा दिवसांनी झालं. येताना सगळी औषधं एका पिशवीत घालून आणली होती, पेनसकट. पिशवीत चटणीची पुडीही होती, माझ्यासाठी. उखळातली. नमस्कार.