तिसऱ्या खेपेची लकेर

(काळा पडदा. जुन्या तबकडीची खरखर, मग एका पुरुषाचा चढा आवाज.)

हा आवाज सॉलोमन लिंडांचा. 1939 साल, जोहान्सबर्गमधला गॅलो कंपनीचा स्टुडिओ. लिंडा आणि त्यांचे 'ईव्हनिंग बर्ड्स' गातायत 'म्बुबे'. झुलू भाषेत म्बुबे म्हणजे सिंह. दोनदा रेकॉर्डिंग झालं होतं. ही तिसरी खेप. गाणं संपत आलं तशी लिंडांनी आयत्या वेळी एक लकेर घेतली. ती नीट ऐका, कारण तुम्ही ती आधी कुठे ना कुठे ऐकलेली आहे.

(तीच लकेर पुन्हा.)

गाण्याचे हक्क कंपनीला गेले 10 शिलिंगांत. तबकडी दक्षिण आफ्रिकेत लाखभर खपली. आणि ज्यांचा हा आवाज, ते लिंडा त्याच कंपनीत तबकड्या पॅक करायचं काम करत होते.

गाणं अमेरिकेत पोचलं. तिथले लोकगायक पीट सीगर यांना गाण्यातल्या 'उयिंबुबे' या शब्दाचं 'विमोवे' ऐकू आलं. त्यांच्या 'द वीव्हर्स' या गायकगटानं ते गायलं, आणि रचनाकार म्हणून नाव लागलं पॉल कॅम्पबेल. हे वीव्हर्सचं टोपणनाव होतं, असा माणूस अस्तित्वातच नव्हता! नसलेल्या माणसाला श्रेय मिळालं, जोहान्सबर्गमधल्या जित्याजागत्या कृष्णवर्णीय गायकाला मिळालं नाही. याला मी नजरचूक म्हणू शकत नाही.

1961 मध्ये 'द टोकन्स' या अमेरिकन गटानं ते नव्या इंग्रजी शब्दांत गायलं. अमेरिकेत पहिला क्रमांक. पुढच्याच वर्षी लिंडा गेले. बँकेत 25 डॉलरही नव्हते. थडग्यावर दगड बसवायचीही पत्नीची ऐपत नव्हती.

1994 मध्ये तीच चाल डिस्नेच्या 'द लायन किंग'मधून जगभर गेली. लिंडांच्या मुली तेव्हाही गरिबीतच होत्या. त्यांतली एक 2001 मध्ये एड्सनं गेली, औषधं परवडत नव्हती.

(कोर्टाच्या कागदपत्रांवरून कॅमेरा सरकतो.)

वाट सापडली ती इंग्रज राजवटीच्याच 1911 च्या कॉपीराइट कायद्यात. हा कायदा तेव्हा आपल्याकडेही लागू होता. हक्क विकलेले असले, तरी रचनाकाराच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असं त्यात होतं. लिंडा गेले 1962 मध्ये. म्हणजे 1987 पासून गाणं मुलींचं, आणि 'लायन किंग' आला त्यानंतर.

2004 मध्ये डिस्नेवर दावा दाखल झाला. फेब्रुवारी 2006 मध्ये तडजोड झाली. मागची थकबाकी आणि पुढचा वाटा वारसांना मिळायचं ठरलं. सहरचनाकार म्हणून सॉलोमन लिंडा हे नाव मान्य झालं, ते गेल्याला तेव्हा 43 वर्षं उलटून गेली होती.

(लकेर. या वेळी पूर्ण, मध्ये न तोडता.)