मोटर चालू झाली, पण पाणी आलं का?

मंडळी, शेतपंपाला थ्री-फेज वीज बऱ्याच गावांत अनेकदा रात्रीची येते. पूर्वी त्यासाठी बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागायचं. आता मोबाईल स्टार्टर आलाय. आत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की तिकडून आवाज येतो, 'मोटर चालू झाली आहे.' अंधारातली विंचूकाट्याची भीती गेली, हे काही थोडंथोडकं नाही. पण त्या आवाजाला एवढंच ठाऊक असतं, की मोटरला वीज मिळाली. बोअर आटलाय, पाइप निसटलाय की पाणी शेजाऱ्याच्या उसात चाललंय, याचा त्याला पत्ता नसतो. त्यातल्या त्यात बरे स्टार्टर अँपिअर बघतात. मोटर पाणी उपसत नसेल तर तिच्यावरचा भार घटतो, करंट उतरतो आणि स्टार्टर 'ड्राय रन' समजून ती बंद करतो. पाणी न बघता पाण्याचा अंदाज! मोटर जळायची वाचते. शेजाऱ्याच्या उसाचं मात्र अँपिअरवरून कळत नाही; दारं धरायला, म्हणजे पाणी हव्या त्या सरीत वळवायला, माणूसच लागतो.

दूरून काम करण्यातली खरी गोम मला इथं दिसते. हुकूम पोचवायला आपण केव्हाच शिकलो. तिथं काय झालं हे इथं कळणं, ते अवघड.

चंद्रावर चाललेली पहिली गाडी घ्या, सोव्हिएत रशियाची लुनोखोद-१, नोव्हेंबर १९७०. चालवणारे पाच जण इकडे पृथ्वीवर, क्रिमियात बसलेले. संदेश जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. तेवढं निभलं असतं. पंचाईत कॅमेऱ्याची होती. सलग चित्र नाहीच, काही सेकंदांनी एक स्थिरचित्र, कधी तर वीस सेकंदांनी. पडद्यावर दिसतोय तो खड्डा मघाचा. गाडी आत्ता कुठे आहे, ते मनातच धरायचं. अशा अवस्थेत ती साडेदहा किलोमीटर चालली!

१९७३ची लुनोखोद-२ तर ३९ किलोमीटर गेली. तिचा शेवट ऐकण्यासारखा आहे. गाडीला कढईवर असावं तसं मोठं झाकण होतं, त्याच्या आतल्या बाजूला सौरपट्ट्या. दिवसा ते उघडायचं, रात्री ऊब टिकावी म्हणून मिटायचं. सांगतात ते असं, की एका विवरात हे उघडं झाकण भिंतीला घासलं आणि सौरपट्ट्यांवर माती पडली. रात्री शिरस्त्याप्रमाणे झाकण मिटलं, तर तीच माती रेडिएटरवर सांडली. सूर्य वर आल्यावर आतली उष्णता बाहेर टाकता येईना. गाडी तापली ती कायमची बंद पडली. एक फडकं मारायला तिथं कुणी नव्हतं. हुकूम मात्र सगळे बिनचूक पोचले होते.

चांद्रयान-३मधली आपली गाडी प्रज्ञान. तो सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर सरकायचा. २७ ऑगस्ट २०२३ला चार मीटर रुंदीचं विवर समोर आलं, ते तीन मीटरवर असतानाच दिसलं आणि त्याला मागे वळवलं. त्या गोगलगाईच्या चालीला हसणारे हसोत, ती चालच त्याच्या कामी आली.

आणि स्पर्शाचं काय? अमेरिकेत रेमंड गोर्ट्झ यांनी आर्गॉन नावाच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायला जे यांत्रिक हात बनवले, त्यांत भिंतीपलीकडच्या पकडीचा जोर अलीकडच्या माणसाच्या हाताला जाणवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचचं हे काम. पुढे ७ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये बसून शल्यविशारद जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या रुग्णाचं पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढलं. हात हलला की पडद्यावर हालचाल दिसायला सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागत होता. पण चिमट्यातलं मऊ की कडक, हे हाताला लागत नव्हतं. सगळी भिस्त डोळ्यांवर. स्ट्रासबुर्गला रुग्णाशेजारी शल्यविशारद हजर होते, वेळ पडली तर हातात सुरी घ्यायला. गाजावाजा झाला तो अटलांटिकपारच्या यंत्रमानवाचा. मी ती शस्त्रक्रिया निम्मी तरी या शेजारी उभ्या असलेल्यांच्या नावावर मांडतो.