बांधावर थांबलेली गाठ

नमस्कार श्रोतेहो. आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, तोंडावर आली आहे, घरोघरी सांजोऱ्यांची तयारी चालली असेल. मला आज अंडाशयाच्या एका वेगळ्या गाठीबद्दल बोलायचंय, आणि ती गोष्ट आखाजीशिवाय मला सांगताच येत नाही.

तापीकाठच्या गावातली एक पोर, वय २६. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आखाजीला माहेरी आली. मैत्रिणींनी झोक्यावर बोलावलं. (झोका निंबाच्या फांदीलाच बांधावा बरं का. लोखंडी पाइपांच्या झोक्यावर आखाजीची गाणी सुचत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.) ती नको म्हणाली. आईनं तिला आत नेऊन पाहिलं, तर परकराची नाडी पूर्वी जिथं बांधली जायची तिथली मळकी खूण दोन बोटं मागे राहिलेली. सासरी सगळ्यांना वाटत होतं, दिवस गेलेत.

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर नारळाएवढी गाठ दिसली. पाण्यानं भरलेली, आतल्या बाजूला बारीक कोंब. आधीच कुणीतरी सांगितलं होतं, "पिशवीसकट सगळं काढून टाका, कटकट नको." पिशवी काढायची ही घाई आपल्याकडे फार बोकाळली आहे, मला तिचा राग येतो. आम्ही गाठ न फोडता डावं अंडाशय नळीसकट काढलं, पोटातल्या पडद्याचा तुकडा आणि पोट धुतलेलं पाणी तपासायला पाठवलं. उजवं अंडाशय आणि गर्भाशय तसंच ठेवलं.

रिपोर्ट आला : सिरस बॉर्डरलाइन ट्यूमर, पहिली पायरी, म्हणजे गाठ अंडाशयापुरतीच, बाहेर पसरलेली नाही. वडील केळीवाले, हात चिकानं काळे पडलेले. मला म्हणाले, "डाक्टरबाई, कॅन्सर शे का नही शे, इतलंच सांगा."

मी मुलीला समोर बसवूनच सांगितलं. गाठीच्या अस्तरातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढल्यात, पण खालच्या थरात घुसलेल्या नाहीत. कॅन्सर घुसतो, ही घुसत नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ढोर बांधवर उभं शे, वावरमा नही घुसनं."

१९२९ साली हॉवर्ड टेलर या अमेरिकी डॉक्टरांनी अशा गाठींना अर्ध्या कर्करोगी म्हटलं होतं. मला या बापाचा शब्द जास्त नेमका वाटतो. बांधावर उभं ढोर. त्याला घाबरून पीक उपटत नाहीत, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून झोपतही नाहीत.

म्हणून पुन्हा सांगते. ही गाठ बहुतेकींमध्ये पहिल्या पायरीवरच सापडते, आणि तेव्हा १०० पैकी ९५ हून जास्त जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. केमोथेरपीची सहसा गरज पडत नाही. या पेशी सावकाश वाढतात, त्यांच्यावर ती फारशी लागू पडत नाही. पोटात इतरत्र कण पसरून तिथे खोल घुसले असतील, तर मात्र उपचार वेगळे. आणि मूल हवं असेल तर दुसरं अंडाशय राखता येतं, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. आधी. नुसती गाठ सोलून काढली तर ती परत येण्याची शक्यता अख्खं अंडाशय काढण्यापेक्षा जास्त असते, हेही विचारून घ्या.

परत येते ती कधी कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून तपासणी सोडायची नाही. त्या पोरीला मी तारखा दिल्याच नाहीत. म्हटलं, पहिली दोन वर्षं दिवाळीला माहेरी येशील तेव्हा एकदा आणि आखाजीला एकदा, पुढे दर आखाजीला. तिनं ते पाळलं. तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. सहाव्या आखाजीला उजवीकडे लिंबाएवढी गाठ दिसली, पुन्हा तीच जात, पुन्हा बांधावरच. या वेळी अंडाशय राखून फक्त गाठ काढली, आणि दीड वर्षानं मुलगा झाला.

एक मागणं आहे. सातबारा आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेटीच्या तळाशी जपतो. बाईचा बायोप्सीचा रिपोर्टही त्याच पिशवीत ठेवा. दहा वर्षांनी डॉक्टर पहिला तोच मागतील.

यंदा तिची अकरावी आखाजी. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणाली आहे. फाइल, पाण्याची बाटली आणि दोन्ही लेकरं घेऊन.