माझ्याकडे दहा लक्ष आहेत

(वर्ग. कॅमेरा बाकांखाली, पायांच्या उंचीवर. एक पाय सारखा हलतोय.)

"तुझं लक्ष कुठे आहे?" बाई विचारतात.

"बाई, माझ्याकडे दहा लक्ष आहेत. तुम्हाला कुठलं हवंय?"

वर्ग खिदळतो. बाईंनाही हसू येतं. ते लपवायला त्या फळ्याकडे वळतात. नऊ वर्षांच्या मुलाने क्षणात केलेली कोटी, आणि तीही ज्यावरून तो रोज बोलणी खातो त्याच शब्दावर!

इथे तो थांबला असता तर गोष्ट गोड झाली असती. पण तीच कोटी तो पुन्हा करतो, जरा मोठ्याने. मग शेजारच्याची वही डोक्यावर ठेवून. चौथ्या वेळी कुणी हसत नाही. पाचव्या वेळी मागून आवाज येतो, "गप रे!" वही भिरकावली जाते. थोड्या वेळाने तो वर्गाबाहेर उभा असतो, आणि बाहीने डोळे पुसत असतो.

प्रसंग आम्ही रचलेला आहे. ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही.

(काळा पडदा. शीर्षक. मग जुन्या कागदाचा पोत.)

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था. तिचं नाव काढलं की चुळबुळ आठवते, अर्धवट गृहपाठ आठवतो, हरवलेलं खोडरबर आठवतं. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीच्या २०१३च्या आवृत्तीत एकूण १८ लक्षणं आहेत. नऊ अवधानाची, नऊ अतिचंचलतेची आणि उतावळेपणाची. त्यांत राग नाही, रडू नाही. चटकन चिडणं, निराशा न सोसणं या गोष्टी 'सोबत आढळतात' म्हणून बाजूला नोंदवल्या आहेत. आईवडिलांना विचाराल, तर त्या बाजूच्या नोंदीतच त्यांचा निम्मा दिवस जातो.

नेहमी असं नव्हतं. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी ४३ मुलांबद्दल व्याख्यानं दिली. या मुलांचं भावनेच्या भरात भडकून उठणं त्यांनी ठळकपणे नोंदवलं होतं. पुढे अवधानाकडे संशोधकांचं लक्ष गेलं, १९८० मध्ये ते आजाराच्या नावातच आलं, आणि भावना मागच्या बाकावर गेल्या. आता त्या परत येताहेत. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण पाव ते निम्म्या मुलांना भावना आवरण्यात ठळक अडचण येते, असं अलीकडच्या आढाव्यांत दिसतं.

(मुलाचा चेहरा, जवळून. तो विनोद सांगायला सुरुवात करतो.)

पण आपण विनोदापासून सुरुवात केली होती.

विनोद सांगणं हे फार शिस्तीचं काम आहे. सुरुवात ऐकणाऱ्याच्या डोक्यात नीट बसवायची. शेवट माहीत असूनही तो ओठांआड धरायचा. समोरच्याचा चेहरा वाचायचा, क्षणभर थांबायचं, आणि मग सोडायचं. हसू आलं की पुढे जायचं. यातली प्रत्येक पायरी या मुलाला अवघड. डोक्यात माहिती धरून ठेवणं अवघड, थांबणं त्याहून अवघड. म्हणून बऱ्याच जणांचा विनोद शेवटापासून सुरू होतो, किंवा सांगता सांगता त्यांनाच इतकं हसू येतं की शेवट कुणाला कळतच नाही.

हजरजबाबीपणात मात्र थांबायचं नसतं. सुचलं की बोलायचं. तिथे यातल्या काही मुलांचं पारडं जड होतं. सगळ्यांचं नाही, हेही सांगायला हवं. एडीएचडी असलेलं मूल म्हणजे जन्मजात विनोदवीर, असा एक लाडिक समज हल्ली फिरत असतो. काही मुलं मजेशीर असतात, काही नसतात, इतर मुलांसारखंच.

सुचलेली कोटी आणि भिरकावलेली वही एकाच वाटेने बाहेर येतात. वाटेवर थांबवणारं कुणी नसतं.

(मेंदूचं रेखाचित्र. रंग हळूहळू भरत जातात.)

२००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी वयानुसार कशी बदलते ते मोजलं. एडीएचडी नसलेल्या मुलांमध्ये पटलाचा निम्मा भाग कमाल जाडीला सुमारे साडेसात वर्षांचं असताना पोचत होता, एडीएचडी असलेल्यांमध्ये सुमारे साडेदहाव्या वर्षी. क्रम तोच, गाडी उशिरा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, म्हणजे आवर घालणाऱ्या भागात. आणि हालचालींचा मूळ भाग? तो उलट थोडा लवकर तयार झालेला. इंजिन आधी आलं, ब्रेक मागून येतोय.

नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण नऊ वर्षांचा राग अपेक्षित धरतो. मिळतो त्याहून लहान मुलाचा.

(मैदान. मुलं संघ निवडतायत. एक जण शेवटपर्यंत उभा.)

इतर मुलांचा निवाडा झटपट होतो. उन्हाळी शिबिरांमध्ये केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या मुलांनीही एडीएचडी असलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी 'नावडते' ठरवलं होतं. अशा मुलाला हसवण्याचा शोध लागतो, तेव्हा ती फार मोठी गोष्ट असते. हसतात तेवढा वेळ तरी ती सगळी त्याच्या बाजूची असतात. लोक हसणारच असतील, तर आपण ठरवू तेव्हा हसू देत. वर्गातला विदूषक हे पद असं मिळतं, आणि ते सोडायला पुढे कुणी देत नाही.

मुलींमध्ये हे कमी दिसतं, कारण त्यांच्यातल्या कित्येकींची चुळबुळ आतल्या आत असते. वहीच्या समासात बाईंचं व्यंगचित्र, बाकी शांतता. तिच्याबद्दल तक्रार येत नाही, त्यामुळे तिचं निदानही लांबतं.

(घर. गृहपाठाचं टेबल.)

मोठ्यांचा विनोद मात्र या घरांत अनेकदा चुकीच्या जागी लागतो. "व्वा! काय मोत्यासारखं अक्षर!" यातला टोमणा पकडायला शब्द, सूर आणि चेहरा एकाच वेळी तोलावे लागतात. एखाद्या मुलाला ती स्तुती वाटते. एखाद्याला बरोबर कळतं, आणि ते रात्रभर सलतं.

गोळ्यांचा विषय इथे टाळता येत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. अभ्यासातला फरक इतका ठळक होता की मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. भावनाही निवळल्याचं ब्रॅडलींनी नोंदवलं. आज कुणी आई डॉक्टरांना सांगते, "शांत झालाय हो, पण विनोद करत नाही पूर्वीसारखे." ही तक्रार क्षुल्लक नाही. मात्रा जास्त झाली तर मूल असं मिटू शकतं, आणि मात्रा बदलता येते. डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. हसणं हेही मोजमाप आहे.

(संध्याकाळ. जमिनीवर उधळलेल्या सोंगट्या.)

पट उधळला गेला, कारण तो हरत होता. आरडाओरडा झाला, दार आपटलं. दहा मिनिटांनी दार उघडतं, आणि तो काहीच घडलं नसल्यासारखा येतो. त्याचं आभाळ मोकळं झालंय. घरातल्यांचं अजून गडगडतंय.

"आई, तुझं लक्ष आहे?"

ती सोंगट्या गोळा करत राहते. वर बघत नाही.

"एकच शिल्लक आहे," ती म्हणते. "जपून वापर."

तो खाली बसतो. एक सोंगटी कपाटाखाली गेलेली असते, ती हात घालून काढतो.